गुप्त ज्ञान शोधायला निघण्यापूर्वी

गेले सहा आठवडे मी एका साधकाच्या प्रवासवर्णनाची प्रुफं तपासतोय. ५१२ पानं, म्हणजे सोळा पानांचा एक असे मोजून ३२ फर्मे. गृहस्थ सज्जन आहेत, पैसे वेळच्या वेळी देतात, म्हणून नाव घेत नाही. पुस्तकाच्या नावात 'रहस्य' आहे, 'हिमालय' आहे आणि 'मी' आहे, एवढ्यावर भागवा.

ऱ्हस्व-दीर्घ सुधारून पोट भरणाऱ्याने मजकुरात लक्ष घालू नये, असा आमच्या धंद्यातला संकेत आहे. पण ५१२ पानं दोनदा डोळ्यांखालून गेली की मजकूरच आपल्यात लक्ष घालायला लागतो. आता मलाही या विद्येतलं बरंच कळायला लागलंय आणि ते एकट्याने भोगणं बरं नाही. तेव्हा प्राचीन, गुप्त, लुप्त, अतिप्राचीन वगैरे ज्ञानाच्या शोधात तुम्हीही घराबाहेर पडणार असाल, तर पिशवी भरण्याआधी हे वाचून घ्या.

पहिलं म्हणजे काहीतरी सोडा. नोकरी सोडली तर उत्तम, नाहीतर निदान सोडली असं लिहा. आमच्या साधकांनी पहिल्या पानावर 'सर्वस्वाचा त्याग' केलाय. अकराव्या प्रकरणात 'रजा आणखी आठ दिवस वाढवून घेतली' असं वाक्य निसटलं होतं. मी समासात खूण केली. वाक्य गेलं, त्याग राहिला.

ठिकाण निवडताना उंची बघा. प्राचीन ज्ञान तीन हजार मीटरच्या खाली सहसा उतरत नाही. लेह साधारण ३,५०० मीटरवर, ल्हासा त्याहून थोडं वर, पेरूमधलं कुस्को ३,४०० च्या आसपास. सपाटीवरच्या लोकांना काही सुचलं नसेल असं नाही, पण सपाटीवर दम लागत नाही आणि दम लागल्याशिवाय साक्षात्कार होत नाही. आमचे साधक विमानाने थेट लेहला उतरले. त्याच रात्री त्यांची झोप उडाली, डोकं ठणकायला लागलं आणि बोटांच्या टोकांतून झिणझिण्या वाहू लागल्या. प्रकरण तिसरं, 'ऊर्जेचा प्रथम स्पर्श', चौदा पानं. आता, लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस गुपचूप पडून राहावं, हवा विरळ असते, झोप लागत नाही, डोकं दुखतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. त्यावर घेतात ती डायमॉक्सची गोळी, तिने हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात, हे गोळीबरोबरच्या कागदावर छापलेलं असतं. गोळी घेतल्याचा उल्लेख दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. मी तिसऱ्या प्रकरणाच्या मथळ्यापाशी मोठं प्रश्नचिन्ह काढून पाठवलं. ते त्यांनी मथळ्याचाच भाग समजून ठेवून दिलं. आता 'ऊर्जेचा प्रथम स्पर्श?' असं छापून येणार आहे, आणि मी गप्प बसणार आहे.

फोटो पाठमोरा काढा. समोर डोंगर, हात पसरलेले. हे सांगायला नकोच.

गुरू म्हातारा हवा. किती म्हातारा, ते प्रकरणागणिक ठरवा. आमच्याकडे चौथ्या प्रकरणात तो ऐंशीचा आहे, नवव्यात 'शंभरी केव्हाच ओलांडलेला', आणि मलपृष्ठावर पोचेपर्यंत त्याला वयच उरलेलं नाही.

गुरूला इंग्रजी येत असेल तर उठा आणि दुसरा शोधा.

जुनी पोथी सापडायला हवी असेल तर पाय मोडून घ्या. हा उपाय अनुभवसिद्ध आहे. निकोलाय नोटोविच नावाच्या रशियन प्रवाशाने तो वापरला. १८८७ साली लडाखमध्ये आपण घोड्यावरून पडलो, पाय मोडला, हेमिसच्या मठात उपचारासाठी राहिलो आणि तिथल्या लामांनी येशू ख्रिस्ताच्या भारतातल्या वास्तव्याची पोथी वाचून दाखवली, असं पुस्तक त्याने १८९४ मध्ये पॅरिसहून काढलं. ते धडाक्यात खपलं. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या कॉलेजात शिकवणारा डग्लस नावाचा प्राध्यापक मुद्दाम वाट वाकडी करून हेमिसला गेला. मठाच्या प्रमुखांनी स्वच्छ सांगितलं, असा कुणी पाय मोडलेला पाहुणा आमच्याकडे राहिला नाही आणि अशी पोथीही आमच्याकडे नाही. प्रकरण इथे मिटायला हवं होतं. पण आमच्या साधकांनीही हेमिसला जाऊन तीच पोथी मागितली. समोरचा भिक्षू हसला. साधक लिहितात, 'ते हास्य सर्व काही सांगून गेलं.' गेलंच असणार. सव्वाशे वर्षं पाहुणे येऊन तेच विचारतायत, अजूनही नुसतं हसूच येतं, हीच त्या मठाच्या साधनेची उंची.

बरं, पाय मोडायची भीती वाटते? मग जाऊच नका. तिबेटी लामाच्या बालपणाची, कपाळाला भोक पाडून उघडलेल्या तिसऱ्या डोळ्याची आत्मकथा १९५६ साली इंग्लंडात प्रसिद्ध झाली आणि हातोहात खपली. तिबेट जाणणाऱ्या मंडळींना शंका आली, त्यांनी खासगी गुप्तहेर लावला. १९५८ मध्ये कळलं की लोबसांग राम्पा म्हणवणारे लामा म्हणजे सिरिल हॉस्किन, डेव्हन परगण्यातल्या एका प्लंबरचा मुलगा, ज्याने तिबेट पाहिलेलं नव्हतं. तुम्ही-आम्ही असतो तर तोंड लपवलं असतं. त्यांनी खुलासा केला: घुबडाचा फोटो काढायला झाडावर चढलो होतो, खाली पडलो आणि त्या सुमारास एका लामाचा आत्मा माझ्या देहात शिरला. वाचकांनी हे मान्य केलं. पुढे त्यांचं एक पुस्तक त्यांच्या मांजरीने सांगितलं आणि त्यांनी उतरवून घेतलं. तेही खपलं. आमच्या साधकांनी संदर्भग्रंथांच्या यादीत राम्पांना घेतलंय. मांजरीला घेतलेलं नाही, ही त्यातल्या त्यात संशोधकाची शिस्त.

शोधायला गेलात ती जागा नकाशावर नसली तरी नाउमेद होऊ नका, थोडं थांबा. १९३३ सालच्या इंग्रजी कादंबरीतलं काल्पनिक शांग्री-ला लोक इतकी वर्षं विचारत राहिले, की चीनने २००१ मध्ये युन्नान प्रांतातल्या झोंगदियन गावाचं नावच बदलून शांग्री-ला केलं. आता तिथे विमान जातं.

सगळ्याला पाच हजार वर्षं जुनं म्हणा. पुरावा विचारणारा शेकडा एक निघतो. तो निघाला तर मात्र पंचाईत होते. १४६३ च्या सुमाराला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये तिथला म्हातारा सत्ताधीश कोसिमो मेदिची याने आपल्या पदरच्या पंडिताला, फिचिनोला, सांगितलं, प्लेटो राहू दे बाजूला, आधी ही हर्मिस त्रिस्मेगिस्तसची पोथी भाषांतरित कर. मोझेसच्या काळातल्या इजिप्शियन ऋषीचं आद्य ज्ञान, मरायच्या आत वाचायला हवं! पुढची दीडशे वर्षं युरोपातले भलेभले त्या पोथीपुढे माना तुकवत होते. मग १६१४ साली आयझॅक कासोबाँ नावाच्या एका भाषापंडिताने ती पोथी भाषेच्या अंगाने, शब्द न् शब्द तपासत वाचली आणि दाखवून दिलं की ही ग्रीक फार उशिराची आहे, यातले शब्द त्या काळी असूच शकत नाहीत, हे ख्रिस्तानंतरच्या शतकांतलं लेखन आहे. ना तपश्चर्या, ना हिमालय. शब्दांवर बोट ठेवून वाचणारा एक माणूस. मुद्रितशोधकांचं कुलदैवत नेमायचं झालं तर माझं मत कासोबाँला.

खरोखर लपवलेलं काही उघडलं जात असेल, तर तिथे चुकूनही थांबू नका. निराशा होते. चीनमधल्या दुनहुआंगजवळच्या लेण्यांत १९०० साली वांग युआनलू या ताओपंथी साधूला भिंतीआड बंद केलेली एक खोली सापडली. जवळजवळ नऊशे वर्षं बंद. प्राचीन, गुप्त, भिंतीआड, वाळवंटात, सगळं जुळलं. आत हजारो हस्तलिखितं. बौद्ध सूत्रं होती, इसवी सन ८६८ असा काळ नोंदवलेलं छापील वज्रसूत्रही होतं. पण त्याच ढिगात करारनामे होते, हिशेब होते, आणि ८५६ सालचं एक नमुनापत्र होतं. कशाचं? आदल्या रात्री यजमानाच्या घरी दारू जास्त झाली, तोंडाला येईल ते बोललो, सकाळी लोकांकडून कळलं तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, कृपया क्षमा असावी. असल्या पत्राचा तयार मसुदा. फक्त आपलं नाव घालून पाठवायचं! मला विचाराल तर त्या गुहेतला सर्वांत उपयोगी कागद हाच. पण यावर ५१२ पानी पुस्तक होत नाही, हे मान्य.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी डोळे पाणावू द्या.

रहस्य मिळालं की ते शब्दांत सांगता येत नाही असं जाहीर करा. आमच्याकडे हे ३४० व्या पानावर घडतं. त्यानंतर १७२ पानं आहेत.

आणि आता कळीचा सल्ला. भाषा शिकू नका.

ज्यांचं ज्ञान हवं त्यांची भाषा शिकायला बसलात की संपलात. आधी लिपी, मग व्याकरण, मग कोश, मग तो कोश उलगडून सांगणारा माणूस. पाच-सात वर्षं गेली आणि हातात एक फोटो नाही. शिवाय भाषा आली की भलतंच काहीतरी उघडकीला येतं. ज्याला आपण गुप्त म्हणत होतो त्यातलं बरंचसं केव्हाच छापून झालंय. तिबेटी बौद्धांचे कंग्युर (बुद्धवचनं) आणि तेंग्युर (त्यावरच्या टीका) मिळून तीनशेच्या वर खंड होतात. लाकडी ठशांवरून ते शतकानुशतकं छापले गेलेत, मठामठातून कापडात बांधून फळ्यांवर रचून ठेवलेले असतात. साधकांनी त्या फळ्यांसमोर उभं राहून फोटो काढलाय, पान २०९. खाली ओळ टाकलीय, 'ज्याची दारं सामान्यांसाठी कधीच उघडत नाहीत असं ज्ञान.' अहो, दार उघडंच आहे. फोटोत दिसतंय. दारातून ऊन आलंय आत. वाचता येत नाही, यात दाराची काय चूक?

युआन श्वांग चीनमधून निघाला, नालंदात वर्षानुवर्षं संस्कृत घोकत बसला, ६४५ साली ६५७ ग्रंथ घोड्यांवर लादून परतला. फिरण्यात सोळा-सतरा वर्षं गेली असतील. त्यानंतर मरेपर्यंतची एकोणीस वर्षं तो बसून भाषांतर करत होता. बसून! बैठकीवर! हे कुणी प्रवासवर्णनात घालत नाही.

आणि तो हंगेरियन चोमा. अलेक्झांडर चोमा द कोरोश. हाही शोधायलाच निघाला होता बरं का, हंगेरियन लोकांचं मूळ मध्य आशियात कुठेतरी सापडेल म्हणून. १८१९ साली घर सोडलं, बराचसा प्रवास पायी. ते मूळ त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही. पण लडाखकडे पोचला, तिबेटी भाषेशी गाठ पडली, आणि १८२३ पासून सव्वा वर्षाहून जास्त काळ झांस्करमधल्या झांगला गावी एका लामाकडे शिकत बसला. नऊ फुटांची खोली, शेकोटी नाही, अंधार पडल्यावर दिवा नाही, पारा गोठणबिंदूच्या खाली. मेंढीच्या कातड्यात गुंडाळून दिवसभर पोथ्या. त्याला बोटांतल्या झिणझिण्या म्हणजे काय ते ठाऊक असणार. चौदा पानं त्यानेही लिहिली असती. त्याने १८३४ मध्ये कलकत्त्याला तिबेटी-इंग्रजी कोश छापला आणि व्याकरण छापलं. आठ वर्षांनी ल्हासाच्या वाटेवर दार्जिलिंगला तापाने गेला. आज साधक ज्या भाषांतरांतून अवतरणं उचलतात, त्या सगळ्या विद्येच्या पायात हा कोश आहे.

त्या कोशाच्या नामपृष्ठावर काय छापलंय माहितीये? झांस्करचे विद्वान लामा सांग्ये फुन्त्सोग यांच्या साहाय्याने. नामपृष्ठावर. १८३४ साली. ज्याने शिकवलं त्याचं नाव, आडपडदा न ठेवता, पहिल्याच पानावर.

आता या आमच्या पान २१४ वर. गुरुभेट. गुरू लडाखीत एक वाक्य बोलतात. गाडीचा चालक ते हिंदीत सांगतो. साधक त्याचं मराठी करतात, आणि मराठीत ते वाक्य अडीच पानं आहे. 'जो येतो, तो जाण्यासाठीच येतो' अशी सुरुवात. संध्याकाळची वेळ, मठ बंद व्हायला आलेला, हे वरच्याच परिच्छेदात लिहिलंय. म्हातारा बिचारा 'उशीर झाला, आता निघा' म्हणाला असणार, अशी माझी पक्की खात्री आहे. पण ते जाऊ दे. मी अडलो तो दुसरीकडेच.

चालकाचं नाव ५८ व्या पानावर एक आहे. ९७ व्या पानावर दुसरंच आहे. २१४ वर तिसरं. शेवटच्या प्रकरणात तो नुसता 'आमचा वाहनचालक' होतो आणि तिथून पुढे गायब. प्रुफात असं काही दिसलं की विचारावंच लागतं, ते आमचं काम. मी समासात लिहिलं, 'नाव नक्की करावे.' उत्तर नाही. दुसऱ्या प्रुफाला पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा फोन केला. साधक फोनवर मंद हसले (हे हसणं ते कुठून शिकले ते तुम्हाला आता माहीत आहे) आणि म्हणाले, "अहो, नाम-रूप हे सगळं मिथ्या आहे. कुठलंही एक ठेवा."

नाम-रूप मिथ्या? मग मुखपृष्ठावर तुमचं नाव पुस्तकाच्या नावापेक्षा मोठ्या टायपात कशाला? आतल्या पानावर पुन्हा, प्रत्येक डाव्या पानाच्या माथ्यावर पुन्हा, मलपृष्ठावर फोटोखाली पुन्हा! तिथे काढू का मिथ्या म्हणून? परवा तुमच्या नावातला एक इकार ऱ्हस्व पडला तर रात्री साडेदहाला फोन आला होता मला.

एकोणीस दिवस होता तो माणूस तुमच्याबरोबर. विमानतळावर तुमची पिशवी उचलताना त्यानेच सांगितलं होतं की दोन दिवस झोपून राहा, पान ३१. तुम्ही ऐकलं नाहीत. चौथ्या रात्री तुम्हाला ओकाऱ्या झाल्या तेव्हा दवाखान्यात त्याने नेलं, पान ७०, त्याला तुम्ही 'देहशुद्धी' म्हणता. खिंडीत बर्फ पडलं तेव्हा रात्री खाली उतरून उघड्या हातांनी चाकांना साखळ्या त्याने बांधल्या आणि तुम्ही आत बसून 'निसर्गाच्या मौना'वर टिपण काढत होतात. त्याच्या आईच्या हातचा लोण्याचा चहा प्यायलात, पान १६३, तो तुम्हाला खारट लागला हे लिहिलंत, तिचं काही लिहिलं नाहीत. गुरूंनी सांगितलेला शब्द न् शब्द तुमच्या कानात त्याच्या तोंडून पडला. तुमच्या या पुस्तकात दुसऱ्या कुणाच्या तोंडचं एक जरी खरं वाक्य असेल, तर ते त्याचं आहे. आणि तुमच्या ऋणनिर्देशात विश्वशक्ती आहे, पंचमहाभूतं आहेत, एका सहल कंपनीचे मालक आहेत, आणि तो नाही.

थोडी लाज वाटू द्या. दोनशे वर्षांपूर्वी शेकोटीशिवाय गारठलेल्या त्या हंगेरियन माणसाला आपल्या गुरूचं नाव नीट लिहायचं सुचलं. तुम्ही उबदार गाडीत एकोणीस दिवस एका माणसाच्या शेजारी बसलात आणि त्याचं नाव तुम्हाला तीनदा वेगवेगळं आठवलं. कसलं डोंबलाचं प्राचीन ज्ञान शोधताय? शेजारी कोण बसलंय ते एकदा मान वळवून विचारायचं होतं.

त्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये असणार. गाडीसाठी रोज सकाळी तुम्हीच लावत होतात. आज लावा, नाव विचारा, आणि तो सांगेल तसंच्या तसं मला कळवा. त्याच्या आईचंही विचारा. २१४ व्या पानावर मी जागा मोकळी सोडून ठेवलीय. फर्मा शुक्रवारी छपाईला जातोय.